सुभद्राबाईंचे उपास

छप्पन सालापासून रामदासजींच्या घरात कोणी उपास धरला नव्हता. त्या साली नागपुरात दीक्षेचा सोहळा झाला आणि मैदानातून घरी येताच रामदासजींनी देव्हाऱ्यातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडून दिले. बायकोला म्हणाले, "आजपासून उपासतापास बंद. पोट मारून कोणाचं भलं झालं नाही." सुभद्राबाई तेव्हा नवी नवरी होत्या. त्यांचे सोळा सोमवार निम्म्यावर आले होते. ते तसेच टाकून त्या नवऱ्याच्या शेजारी बसल्या आणि दोघांनी एका ताटात बेसन-भाकर खाल्ली. बाई नवऱ्याबरोबर जेवते म्हणून सासूने तोंड वाकडं केलं, करो बापडी! त्या दिवसापासून दोघं कधी वेगळी जेवली नाहीत. रेल्वेच्या कारखान्यातल्या नोकरीपायी लखनौला आले, क्वार्टरात राहिले, रिटायर झाले, बँकेत असलेल्या मुलाच्या, अनुपच्या, अलीगंजच्या घरी आले. सगळं बदललं, ताटं मात्र शेजारीच राहिली.

आणि मग सुभद्राबाईंचे गुडघे गेले.

दुखणं हत्तीच्या पायानं येतं न् मुंगीच्या पायानं जातं म्हणतात. गुडघ्यांचं उलटंच. ते मुंगीच्या पायानं आलं आणि जायचं नाव घेईना. थंडीत सकाळी पाय सरळ करताना आतून करकर आवाज यायचा. अनुपने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणाला, "अम्मा, दोनों घुटनों की गद्दी घिस गई है. अब ज़मीन पर बैठना बिल्कुल बंद." म्हणजे हाडाच्या टोकावरची मऊ गादी झिजली होती आणि हाडावर हाड घासत होतं. गोळ्यांनी ठणका कमी होईल, पण झिजलेली गादी परत यायची नाही, उमर है, असं त्याने अनुपला समजावलं.

घरातली माणसं गुणी. अनुपने स्वयंपाकघरात उंच स्टूल आणलं. सून स्वप्नाने मोरीत खुर्ची ठेवली. बुद्धवंदनेला सगळे खाली बसत आणि सुभद्राबाई एकट्या खुर्चीवर. सगळ्यांनी सगळ्याचा विचार केला, फक्त एका जागेचा कोणाला आठव झाला नाही. घरात संडास एकच, आणि तोही उकिडवं बसायचा.

बसणं कसंबसं जमे. उठणं जमेना. सुभद्राबाई भिंतीतला नळ दोन्ही हातांनी धरायच्या, दात-ओठ खाऊन स्वतःला वर ओढायच्या आणि उभं राहिल्यावर डोळे पुसून बाहेर यायच्या.

आता एवढं होत होतं तर तोंड उघडायचं ना, बाई! पण सांगणार कोणाला? मुलाला? सुनेला? नवऱ्याशी उभा जन्म काढला, पण या गोष्टीबद्दल एक शब्द कधी बोलल्या नव्हत्या. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांच्या पिढीच्या बायकांना खरोखरच वाटतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून त्यांनी आपल्यापुरता एक उपाय काढला. कमी खायचं, त्याहून कमी प्यायचं, म्हणजे त्या खोलीत कमी जावं लागतं. पोळी अर्ध्यावर आली, भात बंद झाला, पाण्याचा नुसता घोट.

एका सोमवारी शेजारची सरोज दही मागायला आली होती. स्वप्नाने सासूचं भरलेलं ताट पाहून विचारलं, "आई, काहून जेवत नाही तुम्ही? बरं नाही का?" सरोज मध्येच म्हणाली, "मेरा भी आज सोमवार का व्रत है, भाभी." सुभद्राबाईंना बुडत्याला काडीचा आधार मिळावा तसं झालं. त्या बोलून गेल्या, "माझाही उपासच आहे आज."

बोलून गेल्या आणि जीभ चावली. पण रामदासजींच्या हातातला घास हातातच राहिला होता.

"कोणाचा उपास?"

"सोमवारचा."

"महादेवाचा?" त्यांनी ताट सरकवलं. "म्हणजे चाळीस वर्षं माझ्या शेजारी बसून वंदना म्हटली, ती तोंडदेखली? त्या दिवशीची भाकरही तोंडदेखली?"

सुभद्राबाईंना वाटलं, आत्ताच्या आत्ता सांगावं, नाही हो, असं नाही. पण मग कसं, ते सांगावं लागलं असतं. त्या गप्प बसल्या. गप्प बसली म्हणजे कबूल केलं, असं रामदासजींनी धरलं. माणूस तत्त्वाचा खरा, पण तत्त्वाच्या माणसाचा राग फार लांबतो. त्यांनी बायकोशी बोलणं टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून आपलं ताट पुढच्या खोलीत मागवलं. सोमवारच्या जोडीला गुरुवार आला, एकादशी आली. उपास वाढत गेले आणि सुभद्राबाईंच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. रोज त्या जेवायला एकट्या बसायच्या आणि शेजारची रिकामी जागा बघून हातातला घासही ताटात परत ठेवायच्या.

एकदा दुपारी त्यांनी मनाचा हिय्या केला. भिंत धरत धरत नवऱ्याच्या खुर्चीपाशी गेल्या. म्हणाल्या, "ऐका ना." रामदासजी पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "काय, महादेवाचा निरोप आहे का?" सुभद्राबाई तशाच मागे फिरल्या.

तिकडे संडासातला नळ सारखा ढिला व्हायचा. अनुप वैतागला, "ये नल कौन खींचता है यार?" प्लंबर हसत म्हणाला, "बाबूजी, लगता है कोई लटकता है इस पर." सगळे हसले. सुभद्राबाईही हसल्या.

आणि पुढच्या पौषात एका सकाळी तो नळ त्यांच्या हातात निघून आला.

धडाम आवाज झाला आणि दाराखालून पाणी वाहू लागलं. आतून कडी. अनुपने खांदा मारून दार तोडलं. स्वप्नाने आधी आपली शाल सासूच्या अंगावर टाकली, मग बाकीच्यांना आत येऊ दिलं. सुभद्राबाई ओल्या फरशीवर पडल्या होत्या. हात नळावर घट्ट आवळलेला. खुबा मोडला होता, तरी त्या कण्हत म्हणत होत्या, "यांना बाहेर पाठव गं, यांना बाहेर पाठव."

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हाडं पोकळ झालीत, रक्त नाही, ऑपरेशन झेपायचं नाही. "अम्मा को खाना नहीं देते थे आप लोग?"

रामदासजी भडकले. "उनके भगवान से पूछिए. उपास करती थी."

"देव नाही, बाबा." स्वप्ना इतक्या जोरात बोलली की नर्स थबकली. सासऱ्यासमोर तिने कधी आवाज चढवला नव्हता. "तो नळ धरून उठायच्या आई. बसायची भीती, म्हणून जेवायच्या नाहीत. आम्ही सगळे आंधळे होतो, बाबा. देवाचं नाव नुसतं पुढे केलं त्यांनी."

रामदासजी खाली बसले. बसले म्हणजे दवाखान्याच्या फरशीवरच बसले.

सुभद्राबाई घरी आल्या त्या खाटेवर. आता चालता येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगूनच पाठवलं होतं. तरी अनुपने हट्टाने संडास फोडून कमोड बसवायला घेतला. छिन्नीचा ठकठक आवाज सुभद्राबाईंना खाटेवर ऐकू यायचा आणि त्या डोळे मिटून घ्यायच्या. ज्या लाजेपायी हे सगळं केलं, ती लाज आता खाटेखाली पॉट होऊन उघडी बसली होती. म्हणून त्या अजूनच जेवेनाशा झाल्या. घरी आल्याच्या तिसऱ्या दुपारी स्वप्ना ताट घेऊन आली, तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

रामदासजींनी सुनेच्या हातून ताट घेतलं. बेसन-भाकर होती. स्टूल ओढून ते खाटेला लागून बसले.

"जेव."

"भूक नाही."

त्यांनी ताट मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "ठीक आहे. मग आज माझाही उपास."

दारातली स्वप्ना जागच्या जागी थिजली. सुभद्राबाईंनी मान वळवली. या माणसाच्या तोंडी हा शब्द! त्यांच्या काळजाला घरं पडली. "असं नका हो बोलू. तुम्ही नका बोलू असं."

"काहून नको? तू पोट मारत होतीस न् मी पुढच्या खोलीत पोटभर जेवत होतो, सुभद्रा. शेजारी बसलो असतो तर दिसलं नसतं का मला?" त्यांचा आवाज फाटला. "पॉट मी देईन. सुनेला नाही, मुलाला नाही. मी देईन, मीच धुईन. तेवढं तरी करू दे."

भाकरीचा तुकडा बेसनात बुडवून त्यांनी पुढे धरला. पोटात गेलं की पुढे काय, हे सुभद्राबाईंना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी तोंड उघडलं. एक घास त्यांनी खाल्ला, एक नवऱ्याला खायला लावला. अर्धी भाकर संपली तेव्हा दोघंही रडत होती.

"पाणी द्या," त्या म्हणाल्या.

रामदासजींनी त्या रोज घेत तेवढंच, घोटभर पाणी वाटीत ओतलं.

"वाटी नको. पेला भरून द्या."