पेटी म्हणजे किती?

फळ निर्यात कार्यालयात बावीस वर्षं आकडे मांडणाऱ्या बाईंना सगळे 'काटेकोर काकू' म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि काकूंना ते मनातून आवडायचं. उत्तर खोऱ्यातून किती संत्री-लिंबं बोटीवर चढली आणि दक्षिण किनाऱ्यावरून किती, हे त्या दर वर्षी शेजारी-शेजारी मांडत. काकूंनी लिहिलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!

यंदा त्याच रेघेनं घात केला. दहा वर्षांत उत्तर साठ हजार पेट्यांवरून नव्वद हजारांवर गेलेली, आणि दक्षिण सत्तरवरून रडतखडत पंचाहत्तरवर. साहेबांनी तक्ता पाहिला आणि ठरवून टाकलं, की दक्षिणेची फळं निवडायची शेड बंद करायची आणि तिथलं यंत्र उत्तरेला हलवायचं. चाळीस बायकांचं काम जाणार होतं. सोमवारच्या बैठकीत फक्त शिक्का बसायचा होता.

शेवटची मोजणी करायला काकू त्या शेडमध्ये गेल्या. मागच्या थप्पीवरचा क्रमांक दिसेना, म्हणून त्यांनी पुढची पेटी उचलायला घेतली, तर ती जागची हलेना.

"अहो, कंबर धरेल!" मुकादमबाई धावत आल्या.

"गेल्या आठवड्यात उत्तरेत तर सहज उचलली होती मी."

"तिकडची बारकी असेल. आमची अठरा किलोंचीच. सासूबाई इथं कामाला होत्या तेव्हापासून."

काकू तशाच कार्यालयात परतल्या आणि जुन्या फायली उपसायला बसल्या. सहा वर्षांपूर्वीचं उत्तरेचं पत्र सापडलं: गिऱ्हाइकांना लहान पेटी हवी, म्हणून यापुढे पेटी अठराऐवजी बारा किलोंची. खाली शेरा होता, 'वाचलं'. अक्षर काकूंचंच. वाचलं होतं खरं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. तक्त्यात पेटी ती पेटीच राहिली. त्यांनी गुणाकार केला. साठ हजार गुणिले अठरा आणि नव्वद हजार गुणिले बारा, दोन्हींचं उत्तर एकच. म्हणजे उत्तर खोरं होतं तिथंच होतं. वाढली होती ती दक्षिण.

घरी नवऱ्यानं समजावलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन वर्षांत निवृत्त होशील, कशाला उघडतेस?"

काकूंना रडू आलं, आणि रागही आला. नवऱ्याचा नाही, स्वतःचा. कारण क्षणभर त्यांनाही ते पटलं होतं.

सोमवारी त्यांनी नवा तक्ता टेबलावर ठेवला. सगळा किलोंमध्ये. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"काकू, ही चूक कुणाची?"

"माझी. सहा वर्षांची."

साहेब चिडले असावेत, आणि चिडायला हक्कही होता. मग त्यांनी शेड बंद करण्याचा कागद उभा फाडला आणि म्हणाले, "यंत्र राहू दे तिथंच. आणि तुम्हाला लेखी समज मिळेल."

"मिळायलाच हवी," काकू म्हणाल्या.

बाहेर येऊन त्यांनी मुकादमबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट.

"म्हणजे उद्या कामावर यायचं ना आम्ही?" मुकादमबाईंनी विचारलं.

"यायचं," काकू म्हणाल्या, "आणि वेळेवर."