आठ नंबरचा फोटो

हरेश्वर गेल्याची बातमी मला त्याच्या मुलीने दूरध्वनीवरून दिली, आणि त्याचे चरित्र लोकांनी चौथ्या दिवशी नौपाड्यातल्या शोकसभेत ऐकवले. दोहोंपैकी बातमी खरी होती. सभेत एका वक्त्याने त्याला ‘वसंताचा हळवा चितारी’ म्हटले. दुसरे म्हणाले, नम्रता एवढी की फोटो काढतानासुद्धा समोरच्यापुढे मान खाली! मागच्या रांगेत दोन गृहस्थ मात्र निराळेच कुजबुजत होते, “पोलिसांचा खबऱ्या होता हो. त्यातच हात गेला त्याचा.” मी पुढचेही ऐकले आणि मागचेही. दोन्ही खोटे आहे. भूमापन खात्यात माझी हयात गेली. हद्दीचा सरकवलेला दगड मला दुरून ओळखू येतो. शिवाय हा दगड कोणी सरकवला, हे माझ्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

प्रथम त्या मानेविषयी. हरेश्वरचा कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत पाहायचा होता, म्हणून मान खाली. नम्रतेचा त्यात काडीचा संबंध नव्हता. डोंबिवलीतल्या एका लग्नात सप्तपदीच्या वेळी मध्ये आलेल्या नवऱ्याच्या मामाला त्याने कॉलर धरून खुर्चीत बसवले होते. “मामा, लग्न तुमचं नाय, बसा!” असा हा हळवा माणूस. आता वसंत. आंबिवलीच्या माळावरचा फुललेला पळस, गच्चीवर कुरडया घालणाऱ्या बायका, पुलावर करवंदांची टोपली घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या, चैत्रातले हळदीकुंकू... हे त्याने काढले आणि उत्तम काढले. परंतु सभेत मिरवलेली ती चित्रे बहुतेक नंतरची आहेत. त्याआधी तो माणसे काढत असे. आमच्या गल्लीतला प्रत्येक उत्सव त्याच्या काचपेटीत लागे. स्टुडिओच्या बाहेर भिंतीवर ही पेटी होती. सणाच्या दुसऱ्या दिवशी रिळातले बाराच्या बारा फोटो छोट्या आकारात, नंबर घालून, तो तिच्यात लावी. शेजारी दोरीला पेन्सिल आणि एक कागद. लोक येत, स्वतःला शोधत, कागदावर नंबर आणि नाव लिहून मोठी प्रत सांगून जात. चांगला, वाईट, डोळे मिटलेला, काहीही असो. त्याचा नियम एकच, बारा काढले तर बारा लागणार.

ऐंशीच्या दशकातली ती होळी. दुसऱ्या आळीतली लाकडे पळवून आपली होळी उंच करायची, हा सणाचाच भाग मानला जाई. चोरी असे त्याला कोणी म्हणत नसे. त्या वर्षी आमच्या पोरांनी रुळांपलीकडच्या चाळीतून मारुती सुताराचा पाळणा उचलून आणला. सागवानी, नवाकोरा. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिच्यासाठी केलेला. संध्याकाळी तो लाकडांवर चढवला तेव्हा मंडळाचा अध्यक्ष, साऱ्या गल्लीचा ‘आप्पा’, या नात्याने मी समोर उभा होतो. “उतरवा,” हा एक शब्द मी उच्चारला नाही.

धुळवडीच्या सकाळी मारुती आठ-दहा माणसे घेऊन आला. त्याच्या हातात पाळण्याचा जळका पाय होता.

“कुणी जाळला? नाव सांगा फक्त.”

आमच्यातला एक हसला. “काका, होळीत गेलेलं मागायचं नसतं. दुसरा करा की, सुतार ना तुम्ही!”

मारुतीने तो जळका पाय त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात तिथेच पडले. मग बांबू आले, दगड आले, सोड्याच्या बाटल्या फुटल्या. रंग कोणता आणि रक्त कोणते ते कळेना, असे अशा प्रसंगी सगळे लिहितात. ते खरे नव्हे. रक्त कळते, ते कोमट असते. एकाची कवटी उलली, एकाचा हात कोपरातून उलटा झाला. पितळी पिचकारीचे टोक मारुतीच्या डाव्या डोळ्यात गेले, आणि तो बैलासारखा ओरडत गुडघ्यांवर आला. या सगळ्याच्या मधोमध हरेश्वर मान खाली घालून उभा होता. एक दगड त्याच्या खांद्यावर बसला. “अरे बाजूला हो, उजेड अडवतोयस!” असे तो खेकसला, तेही बांबू चालवणाऱ्यावर.

दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे बारा फोटो पेटीत लागले. मी त्याला म्हणालो, “हरेश्वर, हे लावू नकोस.”

“का? मांडवात रुसलेला व्याही लावतो, तेव्हा बोलतोस काय?”

आणि लोक आले! कोणी शरमेल, कोणी लपेल, असे आपल्याला वाटते. आमची पोरे पेटीभोवती गर्दी करून, उगारलेल्या बांबूखालची आपापली तोंडे शोधत होती. “पाच नंबर मी! दोन कॉपी, एक गावी पाठवायचीय.” “ए, माझा हात बघ कसला आलाय!” चौघांनी स्वतःच्या हस्ताक्षरात नंबर आणि नावे लिहिली. तिसऱ्या दिवशी हवालदार आला. त्याला काहीच तपास करावा लागला नाही. त्याने कागद वाचला, पेटीतले फोटो काढून घेतले आणि चौघांना नेले. यात खबर कोणी दिली? ज्यांनी दिली, त्यांनी ती पेन्सिलीने लिहून दिली.

परंतु हवालदाराने फोटो मोजले ते अकरा भरले. “आठ कुठाय?” त्याने विचारले. हरेश्वरने माझ्याकडे पाहिले... मग म्हणाला, “आठ खराब आला साहेब.”

आठ खराब नव्हता. आठमध्ये मी होतो. पितळी पिचकारी माझी होती. सरकारी नोकरी, मंडळाचे अध्यक्षपद, वाढत्या वयाच्या मुली, हा सगळा विचार करून, आदल्या संध्याकाळी हरेश्वर आत मोठ्या प्रती धूत असताना मी पेटी उघडून तो फोटो उतरवला आणि घरी चुलीत घातला.

चौघे जामिनावर सुटून आले ते कोठडीतला मार खाऊन आणि डोक्यात एकच प्रश्न घेऊन. पाडव्याच्या सकाळी, गल्लीत गुढ्या उभ्या राहत असताना, त्यांनी हरेश्वरला स्टुडिओच्या दारात गाठले.

“आप्पांना वाचवलंस आणि आम्हाला विकलंस? आठ नंबर कुठाय, बोल!”

तो बोलला नाही. त्यांनी कॅमेरा फरशीवर आपटला. मग त्याचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि दुकानाचे लोखंडी शटर वरून ओढले. एकदा नव्हे, तीनदा. हाडांचा आवाज मी ऐकला. रस्त्यापलीकडे, गुढीला बांधायची साखरेची माळ हातात घेऊन, मी उभा होतो. तिसऱ्या वेळेआधी त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. “थांबा,” हा एक शब्द मी तेव्हाही उच्चारला नाही.

इस्पितळात त्याला भेटायला गेलो. चार बोटे कायमची गेली होती. मी काहीतरी पुटपुटलो, माफीसारखे. तो म्हणाला, “रडू नकोस. निगेटिव्ह आहे माझ्याकडे. तू उतरवलास, तूच लाव.” पुढे डाव्या अंगठ्याने कळ दाबायला तो शिकला, पळस आणि कुरडया काढू लागला, माझ्या घरी चहाला येऊ लागला, पण ते वाक्य त्याने पुन्हा कधी काढले नाही. त्याने मला क्षमा केली, असे आता कोणी सभेत सांगू नये. तो वाट पाहत होता. मी त्याला मरेपर्यंत वाट पाहायला लावले.

तेराव्यानंतर त्याच्या मुलीकडून मी ती निगेटिव्ह मागून घेतली, प्रत काढवली आणि आधी मारुतीकडे गेलो. तो अजून रंधा चालवतो. मी म्हणालो, “मारुतराव, तुमचा डोळा मी फोडला.”

“मला काय सांगताय आप्पा? दोन्ही डोळ्यांनी बघितलेलं तुम्हाला,” तो म्हणाला. “पोलिसांना बोललेलो. ते म्हणाले, बाकीचे सगळे फोटोत आहेत, साहेब तर कुठंच दिसत नाहीत.”

प्रत पाकिटात तशीच ठेवून मी सरळ स्टुडिओकडे निघालो.

बंद स्टुडिओबाहेरची काचपेटी मी पुसून घेतली आहे. तिच्यात एकच फोटो लावला आहे, खाली माझे नाव लिहून. मुली बोलत नाहीत. चौघांपैकी एक जण येऊन काचेवर थुंकून गेला. ते मी पुसले नाही. परवा मारुतीही आला. काचेजवळ तोंड नेऊन, उरलेल्या डोळ्याने, पुष्कळ वेळ पाहत राहिला.

“मी हललोय,” तो म्हणाला. “तुम्ही मात्र अगदी स्वच्छ आलाय.”

शोकसभेतल्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही रांगांनी येऊन पाहावे. सकाळी आठ ते दहा मी पेटीपाशी उभा असतो.