निपाणीत बसलेले आमचे जावई

आमच्या जावयांइतका बसून कर्तबगार झालेला माणूस बेळगावपासून निपाणीपर्यंत दुसरा निघायचा नाही. मी चौथीतनं शाळा सोडली, पण माणूस ओळखायला चौथी पुरते. कुठल्यातरी परमुलखातल्या इस्पितळात नवे फोन मांडून ठेवलेले असतात, सगळे मुके. हे महाशय निपाणीत घरी, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली लुंगी, कॉम्प्युटरवर वेबसाइट उघडतात. कुठल्या फोनला कुठला नंबर, कुठला उचलला की कुठं वाजायचं, हे भरतात, आणि तिकडं ते फोन बोलायला लागतात. वायरीला हात नाही, इस्पितळाचं तोंड पाहिलेलं नाही. घरातला बल्ब गेला तर मात्र आमची लेक स्टुलावर चढते आणि हे खुर्चीतनं सांगतात, "सावकाश." चहा पाहिजे असला तर स्वयंपाकघरात फोन लावतात, मध्ये एक भिंत. लग्नानंतर पाहुणचाराला गेलतो तेव्हा मी विचारलं, "पावणं, उठून सांगितलं तर?"

"मामा, उठलं की तंद्री मोडतीया."

पहिल्या दिवाळसणाला तर कहर केला. कंग्राळीत आमच्या घरी भावकी जमलेली, पाट मांडलेला, उटणं भिजवलेलं, आणि पाटावर बसायचे ते निपाणीत कुणाचेतरी फोन चालू करत बसले. लेक एकटीच आली. भावकीसमोर मी तिला म्हणालो, "आता त्या घरचा नंबर माझ्या हातनं फिरणार न्हाय." लेक माझीच. म्हणाली, "मग ह्या घरचा माझ्या हातनंबी न्हाय, आप्पा." आठ महिने दोघं गप्प. रोज तिची आठवण यायची, पण नंबर फिरवण्यापेक्षा मी जीभ तोडून दिली असती.

मग एसटीनं एक खोकं आलं. आत टेबलावरचा फोन, जावयांनी पाठवलेला. थोरल्या पोरानं तो घरच्या इंटरनेटला जोडला. चार दिवस मी तिकडं बघितलं नाही. पाचव्या दिवशी धूळ दिसली म्हणून पुसायला रिसीव्हर उचलला. एक बटण दाबलं नाही, तर पलीकडं घंटी, आणि घंटीमागनं लेकीचा आवाज.

जावयांनी निपाणीत बसून भरून ठेवलं होतं: इथला रिसीव्हर उचलला की सरळ तिच्याकडं वाजायचं. म्हणजे नंबर ना मी फिरवला, ना तिनं.

"कोण? आप्पा?"

"पुसत हुतो."

तिनं नाक ओढलं. म्हणाली, "पुसा की. सावकाश पुसा."

दिवाळसण अजून व्हायचाच आहे. जावयांना मी चांगलं म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. पण त्या फोनवर हल्ली धूळ फार बसते. सांजेला, तिचं काम आटोपायच्या वेळेला, लईच.