तिकिटाच्या खिडकीतला लेखक

दुपारी वीज गेली की भिवंडीतली माणसं बाहेर येऊन शिव्या देत. भोईरकाका मात्र डोळे मिटून बसत. गल्लीगल्लीतले माग एकामागून एक थांबत जायचे, शेवटचा खटका विरायचा आणि गाव पाण्याखाली गेल्यासारखं व्हायचं. उन्हाच्या तिरिपेत कापसाचे तंतू तरंगत राहायचे. काका हळूच म्हणायचे, “इतर गावांत भुताचा आवाज काढावा लागतो. आपल्याकडे नुसता आवाज बंद केला की पुरतं.”

काका एका टॉकीजमध्ये तिकीटविक्रीला होते. खिडकीच्या अर्धगोल भोकातून त्यांचे फक्त हात दिसायचे. लांब, गोरे, शाईने डागाळलेले. त्याच हातांनी ते स्टेन्सिलवर भयकथा कोरत, सायक्लोस्टाइल करत आणि तिकिटाबरोबर चार आण्याला विकत. दर शुक्रवारी एक भाग. मागच्या पानावर रहस्यपटांबद्दलची मतं. स्वतःच्याच टॉकीजमधल्या चित्रपटालाही सूट नसे.

“भोईरसाब, पिच्चर कैसा है?” रांगेतला कोणी विचारी.

“मध्यंतरापर्यंत बैस. पुढे खुनीसुद्धा कंटाळतो.”

त्यांचं एक मत मला पाठ आहे: “दार उघडण्याआधीच जो संगीत वाजवतो, त्याला स्वतःच्या दारावर भरवसा नाही.”

मी कॉलेजात होते. घर पत्रकांचं. वडील कामगारांसाठी आणि बुवाबाजीविरुद्ध पत्रकं काढायचे, आणि आमच्या घरी अक्षरओळखसुद्धा ‘बंधूंनो आणि भगिनींनो’पासून झाली. खिडकीशी जाऊन मी काकांना सुनावलं होतं की, तुम्ही श्रमिकांच्या डोक्यात भुतं भरता. आतून उत्तर आलं, “पत्रकबाई, भुतं आधीच भरलेली असतात. मी त्यांना शुक्रवारी फिरायला नेतो.” तेव्हापासून मी त्यांची पत्रकबाई. भांडायला म्हणून जायची आणि नवा भाग घेऊन परतायची.

त्यांची सर्वांत गाजलेली मालिका एका बंद कारखान्यातल्या बाईची. पांढऱ्या केसांची ती बाई अंधारात बसून मागासाठी कांड्यांवर सूत भरते; सूत संपलं की समोरच्या माणसाचा श्वास ओढून गुंडाळते. वीज गेली की कारखान्याकारखान्यांत वाचता येणारा एक जण हा भाग मोठ्याने वाची आणि उत्तरेकडच्या कामगारांना हिंदीत सांगत जाई. काका प्रत्येक भाग बेताचाच ठेवत. “वीज आली पाहिजे आणि माणसाला वाटलं पाहिजे, आत्ताच कशाला आली.”

खाडीकडच्या वस्तीत एक बंद कारखाना खरंच होता. त्याच्या भिंतीला लागून शेवंताबाई राहायची. एकटी, विधवा, घरी कांड्या भरून पोट चालवायची. केस काळेच होते, पण कापसाने दिवसभर पांढरे दिसत. काकांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं. लोकांनी मात्र ओळखलं. आधी पोरं तिच्या दारावरून पळू लागली, मग उंबऱ्यावर लिंबू पडू लागलं, मग कांड्यांचं काम बंद झालं. शेवटी वस्तीतले चौघे तिला सांगून आले, अमावास्येच्या आत खोली सोड.

ती टॉकीजवर आली तेव्हा मी तिथेच होते. खिडकीत तोंड घालून ती म्हणाली, “मी कोनाचा काय केलाय रं? तू लिवतस, आनि लिंबू माझ्या दारान पडतान.”

आतले हात तिकिटांच्या गठ्ठ्यावर थांबले.

मी आणि वडिलांनी पत्रक काढलं, ‘भूत नाही, माणूस आहे’. वस्तीत घरोघर दिलं. लोकांनी वाचलं, माना डोलावल्या आणि लिंबू पडतच राहिलं. काका म्हणाले, “तुझा कागद खरा आहे. पण मान डोलावणारा माणूस घाबरायचा थांबत नाही. त्याची भीती कुठेतरी ठेवावी लागते.”

त्या शुक्रवारच्या भागात कारखान्याचं दार उघडलं. आतली बाई साधी, जिवंत, दमलेली निघाली. तिने श्वास कोणाचाच ओढला नव्हता. तिच्याआडून ओढणारा दुसराच होता. शेवटच्या ओळी अशा: ‘मेलेला मी आहे. टॉकीजच्या खिडकीत बसतो. माझे हात तुम्ही रोज पाहता. पाय कोणी पाहिलेत?’

मी चिडले. “काका, हे तत्त्वाला धरून नाही. अंधश्रद्धेला अंधश्रद्धेनेच उत्तर?”

“तत्त्व अमावास्येनंतरही टिकेल, पत्रकबाई. तिची खोली टिकायची नाही.”

त्यानंतरच्या वीजकपातीत तो भाग गावभर वाचला गेला. आठवडाभराने एक विणकर शेवंताबाईच्या दारात सूत घेऊन उभा राहिला. “मौसी, कांडी भर दो. गलती हो गई. भूत तो टिकट बेचता है.” अमावास्या आली आणि गेली, खोली सोडायचं कोणी पुन्हा बोललं नाही.

टॉकीजवर मात्र लोक पैसे फळीवर टाकून हात मागे घेऊ लागले. कोणी वाकून खिडकीखाली बघे. गर्दी घटल्यावर मालकाने काकांना घरी बसवलं. मालिका संपली; नवी लिहिली असती तरी त्यांच्या हातून कागद कोण घेणार होतं?

एकदा बाजारातून आम्ही चाललो होतो. समोरून शेवंताबाई येत होती. काकांना पाहताच तिने पदर तोंडावर घेतला आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली. मी तिच्यामागे धावणार, तेवढ्यात काकांनी माझी पिशवी धरली. “काही सांगू नकोस. तिलाच पटलं, म्हणजे भाग जमला.” त्यांचा चेहरा मी पाहिला. एखादा चांगला चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या माणसासारखा तो थोडा हरवलेला, थोडा प्रसन्न होता.

पुढे ते पडघ्याला बहिणीकडे राहायला गेले आणि दोन-तीन वर्षांनी तिथेच वारले. भिवंडीतून मी आणि वडील, एवढेच गेलो.

परतल्यावर मी शेवंताबाईकडे गेले. बोलायचं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, पत्रकासारखं, मुद्द्यामुद्द्याने. ती चाकाशी बसली होती. केसांत कापूस, दारात सुताची नवी पोती. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

“सुटला बिचारा,” ती म्हणाली. “किती वरसं भटकत व्हता.”

दोन शेजारणी तिच्या उंबऱ्यावर निवांत बसून सुताचा गुंता सोडवत होत्या. त्यांनीही हात जोडले. मी तोंड उघडलं, आणि मग त्यांच्याजवळ बसून एक गुंता हातात घेतला.