पिस्तुलावरचं कुंकू

कपाळाला विभूती लावल्याशिवाय मी कधी चहाही घेतला नाही, आणि त्याच मी कित्येक महिने देवघराचं दार लावून घेतलं होतं. माझ्या मुलानं वर्गातल्या मुलाचा जीव घेतला तो देवापुढून उचललेल्या पिस्तुलानं. त्यावर हळदकुंकू मीच वाहिलं होतं. मग दिवा कुठल्या तोंडानं लावायचा?

आमच्या मालकांचं, म्हणजे मुलाच्या वडलांचं, मार्केट यार्डात आडत दुकान. रोकड घेऊन जावं-यावं लागतं म्हणून परवान्याचं पिस्तूल. दसऱ्याला वजनकाटा, गाडीची किल्ली, मुलाची पुस्तकं देवापुढं मांडायची, त्यातच तेही. मांडलेली पूजा दुसऱ्या दिवशी आंघोळ करून मी हलवायची, तोवर कुणी हात लावायचा नाही, ही सासूबाईंपासूनची रीत. गोळ्या तरी काढून ठेवा म्हटलं, तर मालक म्हणाले, "देवापुढं कशाला काय होतंय?" मलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी मी न्हाणीघरात असतानाच मुलगा शाळेला गेला. दहावीत होता, नुकतीच सोळा पुरी झालेली. वर्गातल्या समर्थ नावाच्या मुलानं त्याला सगळ्यांपुढं हिणवलं होतं म्हणे, आम्हाला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी बाहेर येऊन बघते तर पाटावर आपट्याची पानं होती आणि मधली जागा मोकळी. मालकांनी नेलं असेल, असं मी धरून चालले. शाळेतून फोन आला तेव्हा माझ्या हातात नैवेद्याचं ताट होतं. ते पुढं कुठं ठेवलं, आजही आठवत नाही.

समर्थ दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला. मग शाळेपुढं मोर्चा, आमच्या दारावर दगड. वकील मिळेना. सोमवारी भिक्षेला येणारे आमचे गुरू, जंगमस्वामी, आमचं दार टाळून पुढं जाऊ लागले, ते मला दगडांपेक्षा जास्त लागलं. मुलाला निरीक्षणगृहात ठेवलं आणि शस्त्र उघड्यावर टाकलं म्हणून मालकांवर खटला उभा राहिला. मुलानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, देवापुढनं घेतलं. मालक म्हणाले, खोटं बोलतोय, कपाट फोडून चोरलं. शेवटी एक वकील मिळाले. ते मला म्हणाले, "वैनी, कपाटाला कुलूप होतं, एवढंच सांगायचं. मालक सुटतील." मी विचारलं, आणि मुलगा? "त्याचं नंतर बघू की." पण मला कळत होतं. कुलूप म्हटलं की मुलानं आधीपासून सगळं ठरवून केलं असंच होणार, आणि मोठ्या माणसासारखा त्याचा खटला चालणार. खरं बोलले तर नवरा आत. शिवशिव, अशी पाळी वैऱ्यावर येऊ नये.

साक्षीच्या दिवशी सकाळी सिद्धेश्वराच्या देवळात गेले. रुसलेलीच होते. म्हटलं, तुझ्या डोळ्यांदेखत झालं सगळं, आता तूच बोल, मला सुचत नाही. काही झालं नाही. फूल पडलं नाही, पाल चुकचुकली नाही. कुलूप होतं असंच म्हणायचं, हे ठरवून मी कोर्टात गेले. तिथं बाकावर माझ्याशेजारी कुणी बसेना. समोर समर्थची आई बसली होती, मांडीवर हात ठेवून, माझ्याकडं न बघता.

सीलबंद पाकीट फोडून सरकारी वकिलांनी पिस्तूल माझ्यापुढं धरलं आणि विचारलं, हेच का? मी वाकून पाहिलं. मुठीच्या खाचांत कुंकू होतं. एवढी तपासणी झाली, किती हातांतून गेलं, आणि माझ्या बोटानं लावलेलं ते कुंकू वाळून काळपट होऊन तिथंच बसलेलं. बाकीच्यांना तो गंज वाटला असेल. सकाळी देवाला बोल म्हटलं होतं, आणि तो असा, इथं बोलला. माझ्या तोंडून निघून गेलं, "कुलूप नव्हतं. देवापुढं होतं. मीच कुंकू लावलंय, बघा, अजून आहे." मालकांनी मान खाली घातली.

बाहेर समर्थची आई माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मारेल असं वाटलं, आणि मारलं असतं तरी मी तिचा हात धरला नसता. ती म्हणाली, "माजं लेकरू काय येत न्हाय आता. तुमाला माफ बी करत न्हाय मी. पन कुटनं आणलं त्यानं ते, ह्येच कळंना झालं हुतं. रोज तेच डोक्यात. आज कळलं." एवढं बोलून ती गेली.

मालकांना शिक्षा झाली. माहेरचे लोकही आता बोलत नाहीत. निरीक्षणगृहात मुलाला भेटायला गेले तेव्हा तो म्हणाला, "अव्वा, मी खरं सांगितलं होतं की." मी म्हटलं, व्हय बाळा. खरं सांगितल्यानं त्याचं पाप कमी होत नाही, हे त्यालाही कळतं. देवाकडं मी जन्मभर सांभाळ, वाचव, एवढंच मागत आले. त्यानं तसं कुणालाच वाचवलं नाही. खोटं बोलण्यापासून मात्र मला अडवलं, आणि तेवढ्यासाठी मी त्याची ऋणी आहे. कुणाला वाचवायचं हे माझ्या हातात नाही, हे मान्य केल्यापासून छातीवरचं ओझं थोडं उतरलं आहे.

परवा दसरा झाला. देवघर उघडलं, पाटावर मुलाची पुस्तकं मांडली आणि मधली जागा मोकळी ठेवली. दिवा लावला. समर्थचं नाव घेऊन तिथं दोन फुलं वाहिली, आणि काही मागितलं नाही.