गिरणी कुणासाठी थांबते

आमच्या गंगाखेडच्या गिरणीवाल्याचा एका गझल गाणाऱ्या बाईंवर भारी जीव. मोबाइलवर त्यांचं गाणं लागलं की तो गिरणीच बंद करायचा, आणि आमची ज्वारी अर्धी दळलेली राहायची. बाकीचे गायक त्याच्या मते नुसता घसा साफ करायचे.

एकदा त्यानं विचारलं, "सर, बाईंच्या मागं ही सारंगी कोण वाजवायलंय?" तिथून तो बिघडला. आधी तो सारंगीवाला, मग कव्वाली, मग कुठकुठले बुवा. प्रत्येकासाठी गिरणी बंद.

काल गेलो तर बाई गात होत्या आणि गिरणी खडखडत चालू होती.

"काय भाऊ, बाईंवर रुसलात?"

पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावत तो म्हणाला, "त्या आता घरच्या झाल्या, सर. काम पाहुण्यांसाठी थांबवायचं असतंय."