सैल झाकणाचा फ्लास्क

"चिठ्ठीवर चार किलो हाय सर, काट्यावर दोनच भरते. अन् झाकण सैल. काऊन?" स्टोअरकीपर झांबरे म्हणाले.

झांबरे तुपाच्या व्यापारातल्या घरचे. कॉलेजात आलेला माल आधी तोलायचा, मग रजिस्टरला चढवायचा, ही त्यांची रीत. झाकण सैल म्हणजे वाटेत कोणीतरी हात मारला.

मी भौतिकशास्त्राचा नवा लेक्चरर. मुंबईहून द्रवरूप नायट्रोजन घेऊन पॅसेंजरने नांदुऱ्याला उतरलो होतो. हा वायू इतका गार केलेला असतो की पाण्यासारखा ओतता येतो, पण सारखा उडत राहतो. झाकण घट्ट बसवलं तर फ्लास्क फुटेल. हे मी तीनदा सांगितलं.

झांबरे थेट संस्थेच्या अध्यक्षांकडे गेले. दोघे एका शाळेतले, पण शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सहा वर्षं बोलणं बंद. आता एका बाकावर बसून माझ्याकडे पाहत होते. जूनमध्ये माझी नोकरी पक्की व्हायची होती. यांनी आधीच काही ठरवलंय, असा मलाही संशय आला. रागही आला.

"उडते म्हणता, त दाखवा," अध्यक्ष म्हणाले.

मी तराजू मागवला. एका पारड्यात नायट्रोजनचं पातेलं, दुसऱ्यात वजनं. काटा मध्यावर आणला आणि हात मागे घेतले. थोड्या वेळात पातेल्याचं पारडं आपोआप वर गेलं.

झांबऱ्यांनी पारड्याखाली हात फिरवला. "भोक त नाही बे."

"दोरी पाह्य," अध्यक्ष म्हणाले.

उरलेल्यात मी तांब्याच्या तारेचं वेटोळं बुडवलं. तारेला जोडलेला मिणमिणता बल्ब लख्ख झाला. तार गरम असली की अणू थरथरतात, विजेचे कण म्हणजे इलेक्ट्रॉन अडखळतात. गार केली की वाट मोकळी. काही धातू याहून कितीतरी गार केले, तर एकमेकांना लोटणारे इलेक्ट्रॉनही जोडीने चालतात, असंही मी सांगितलं.

"लोटतात, अन् जोडीनं? कसं काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"मधे धातूचे अणू असतात. पहिला त्यांना जरा आपल्याकडे ओढतो. त्या ओढीनं दुसरा येतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. विश्वास कोणाचाच बसला नव्हता.

जूनमध्ये नोकरी पक्की झाली. रजिस्टरला मात्र झांबऱ्यांनी लिहिलं, 'दोन किलो मिळाले, दोन उडाले म्हणतात.' पुढे माझ्यावर नजर ठेवायला दोघे रोज संध्याकाळी भेटू लागले. धुऱ्याचं भांडणही त्यातच कधीतरी मिटलं.

इलेक्ट्रॉनच्या जोडीचा धडा मी निवृत्तीपर्यंत शिकवला. उदाहरण शोधावं लागलं नाही. फक्त मधला अणू कोण, ते मी वर्गात सांगत नसे.